कोलायटिसमधील कर्करोगाचा धोका: भावाचा अधिक की बहिणीचा?

आमच्या नात्यातील सिडकोत राहणाऱ्या एका भावाबहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकालीन दाह, आहे आणि दोघांच्याही निदानाला आठ वर्षे पूर्ण झाली आहेत. भावाने कर्करोगाच्या तपासणीसाठी कोलोनोस्कोपीची (दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याची) तारीख घेतली, तेव्हा "बायकांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी असतो ना, मग मी एवढ्यात कशाला करू?" असे ताईने विचारले.

तिने ऐकले ते खोटे नाही. आतड्याचा दीर्घकालीन दाह असलेल्या साडेसात हजारांहून अधिक स्वीडिश रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांना हा कर्करोग होण्याचा धोका स्त्रियांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक आढळला. निदानानंतरच्या ४० वर्षांत तो पुरुषांपैकी ८.३ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी ३.५ टक्क्यांना झाला. मात्र याच अभ्यासात पहिल्या दहा वर्षांत, तसेच पंचेचाळिशीनंतर निदान झालेल्यांत, असा फरक दिसला नाही. म्हणजे ताई ज्या टप्प्यावर आहे, तिथे या आकड्यांचा आधार तिला मिळत नाही.

शिवाय पुढची तपासणी कधी करायची, हे ठरवताना डॉक्टर स्त्री-पुरुष पाहत नाहीत. दाह आतड्याच्या किती भागात पसरला आहे, तो किती तीव्र आहे, आजाराला किती वर्षे झाली आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला पन्नाशीच्या आत हा कर्करोग झाला होता का, यांवर ते अंतर एक, तीन किंवा पाच वर्षांचे ठरते. पित्तनलिका आक्रसत जाण्याचा पीएससी हा आजार सोबत असेल, तर त्याचे निदान होताच दरवर्षी तपासणी करावी लागते. तो पुरुषांत अधिक आढळतो, पण ज्या स्त्रीला तो आहे तिला त्यातून सूट नाही.

दोघांच्या फायली शेजारी ठेवल्यावर चित्रच बदलले. भावाचा दाह गुदाशयापुरता आहे. आठव्या वर्षाच्या या तपासणीतही तो तेवढाच दिसला, तर केवळ कर्करोगासाठी त्याला वारंवार कोलोनोस्कोपीची गरज राहणार नाही. ताईचे मात्र संपूर्ण मोठे आतडे बाधित आहे, त्यामुळे या दोघांत अधिक धोका तिलाच आहे. तिचे हिमोग्लोबिन उतरले तेव्हा कारण पाळीवर ढकलून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या, शौचातल्या रक्ताची चौकशी कोणी केलीच नाही, याची मला आजही खंत वाटते.

तपासणी शक्यतो दाह शांत असताना करावी, कारण पेटलेल्या आतड्यात कर्करोगपूर्व बदल ओळखणे कठीण जाते. ताईने आता भावाच्या पाठोपाठची तारीख घेतली आहे. द्राक्षांचा हंगाम असला, तरी साली-बियांची फळे, मटकी आणि शेंगदाणे दोघांनीही आधीचे काही दिवस बंद ठेवायचे आहेत.