चाकाची आतली बाजू

पाटणला रस्त्याकडेच्या टपरीत पंक्चरवाल्याने माझ्या ब्रेझाचं मागचं डावं चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि हळूहळू फिरवायला घेतलं. ट्रेडमधून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीतून, एक बुडबुडा येईना. मग त्याने चाक पालथं केलं, तर रिमच्या आतल्या कडेने बुडबुड्यांची माळच लागली. त्याने पान्याच्या टोकाने तिथला रंग खरवडला. खाली वेल्डिंगची खडबडीत रेघ.

"सायेब, ह्ये रिम तडकल्यालं हुतं. जोडून रंग मारलाय. नवीन म्हणून घेतलंसा व्हय?"

नवीन म्हणूनच घेतलं होतं. चार रिम, चार टायर, ६२ हजार रुपये. आणि त्यावर कंपनीची धडधाकट चाकं दुकानदाराच्या हवाली करून.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीआधीची. गाडी चार वर्षांची झाली होती, टायर १४ हजार किलोमीटरच चाललेले. खरं तर काहीच बदलायची गरज नव्हती. पण सोसायटीत शेजाऱ्याच्या गाडीला १७ इंची काळी अलॉय चाकं बसली आणि मला माझी १६ इंची चाकं बारकी दिसू लागली. एका ओळखीच्या ओळखीने साताऱ्याहून पुण्यातल्या एका दुकानात पोचलो. दुकान चकाचक, एसी, चहा लगेच. मालक म्हणाला, "सर, गाडीचा लूकच बदलेल. २३५ टायर टाकू, रस्त्याला चिकटून चालेल."

माझ्या गाडीला २१५/६० आर १६ होते, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची. त्याने सुचवले २३५/५५ आर १७. तिथे उभ्या उभ्या मोबाइलवर हिशेब करता आला असता, पाचवीतला आहे: रुंदीचे तितके टक्के काढा, दुप्पट करा, त्यात रिमचे इंच २५.४ ने गुणून मिळवा. जुन्या चाकाचा व्यास येतो सुमारे ६६४ मिलिमीटर, नव्याचा ६९०. म्हणजे जवळजवळ चार टक्के मोठं. तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं या धंद्यातली प्रामाणिक माणसं सांगतात. चाक मोठं झालं की स्पीडोमीटर कमी वेग सांगतो, ओडोमीटर कमी अंतर मोजतो. १७ इंचच हवे होते तर २१५/५५ आर १७ होतं, त्याचा व्यास ६६८ येतो, काही बिघडलं नसतं. पण ते त्याच्याकडे शिल्लक नसावं. त्याच्याकडे जे पडून होतं तेच माझ्या गाडीला शोभणारं ठरलं.

बिलाचं विचारलं तर हसला. "पक्कं बिल हवं असेल तर २८ टक्के जीएसटी लागेल. तुम्ही घरचेच." टायरवर तेव्हा २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. मी मनातल्या मनात वाचलेले पैसे मोजले आणि गप्प बसलो. लोभ दोघांनाही होता, हे आधीच कबूल करतो. हातात पडलं ते 'एस्टिमेट' लिहिलेलं चिटोरं. त्यावर ना टायरची मापं, ना नंबर. ४० हजार रोख दिले आणि २२ हजार यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे, मालकाच्या मेव्हण्याच्या खात्यावर.

चाकं बसवताना मी बाहेर चहा पीत होतो. हे मला अजून बोचतं. टायरवर ज्या आठवड्यात तो बनला त्याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळ टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात. माझ्या चारही टायरची ती बाजू आत गेली होती. बाहेरून पॉलिश मारलेलं काळंभोर रबर चमकत होतं. रिमवरचे शिक्के, चाक किती आत-बाहेर बसतं ते सांगणारा ईटीचा आकडा, ती वेल्डिंगची रेघ, सगळं आतल्या बाजूला. मी मात्र बाहेरच्या बाजूचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले.

परत येताना खंबाटकी उतरल्यावर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. फोन केला तर "बॅलन्सिंग राहिलं असेल, आणा." परत पुण्याला गेलो, शिशाचे तुकडे लावून घेतले, थरथर तशीच. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, "सर, रस्ता खराब आहे." पुणे-बंगळूर महामार्गाबद्दल माझंही मत फार चांगलं नाही, पण रस्ता जुन्या चाकांखाली थरथरत नव्हता. शिवाय रोज सकाळी मागच्या डाव्या चाकात पाच-सहा पीएसआय हवा कमी. मी बापडा पंपावर भरत राहिलो.

मग नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन चिपळूणला निघालो. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट हा नेहमीचा रस्ता. पाच माणसं, डिकी भरलेली. गाडी जरा दबली आणि प्रत्येक खड्ड्याला चाक आतल्या प्लास्टिकला घासून 'खर्रर' करू लागलं. बाबा मागून म्हणाले, "अरे, काहीतरी ओढत चाललंय का आपण?" आणि पाटणच्या अलीकडे ते डावं चाक पार बसलं. घाटात बसलं असतं तर, हा विचार तेव्हा नाही, रात्री अंथरुणात आला.

पंक्चरवाल्याला चाक काढतानाच संशय आला होता. एक नट फिरेना. जोर लावला तर स्टडच, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो बोल्टच, तुटून हातात आला. त्याने तुटलेला तुकडा मला दाखवला, आटे चिरडलेले. ब्रेझाच्या स्टडला १२ मिलिमीटर जाडी आणि १.२५ चा आटा लागतो, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. पुण्यात बसवले होते ते १.५ चे नट, बाजारातल्या दुसऱ्या बऱ्याच गाड्यांना चालणारे. हाताने बसत नाहीत म्हटल्यावर नट आवळायच्या गनने दाबून बसवले. हाताने दोन-तीन आटे फिरवून मगच गन लावायची, एवढी साधी रीत. पंक्चरवाल्याने स्टेपनी चार नटांवर लावली आणि बजावलं, "चाळीसच्या वर जाऊ नगा, मागं फिरा, कऱ्हाडला दावा." मजुरी घेतली दीडशे रुपये.

कऱ्हाडच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने उरलेली तीन चाकं उतरवून आडवी ठेवली आणि थरथरीचा उलगडा केला. ब्रेझाच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास ६०.१ मिलिमीटर. माझ्या रिमचं मधलं भोक ७३.१. बाजारातले रिम असेच मोठ्या भोकाचे करतात, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना खपतो. पण मधली फट भरायला हब रिंग घालायची असते. माझ्या एकाही चाकात रिंग नव्हती. चाक हबवर नेमकं मधोमध बसलेलंच नव्हतं, बॅलन्सिंगचं शिसं त्याला काय करणार? पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ, तेवढं ५×११४.३ बरोबर जुळत होतं. दुकानदाराने "परफेक्ट फिटिंग" म्हणून तेच तर मोजून दाखवलं होतं.

रिम साडेसात इंच रुंद, ईटी ३५. ईटीचा आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर येतं, आणि बेअरिंगवर भलतीकडून ताण पडतो. कंपनीच्या रिमवरचा आकडा याहून मोठा असतो. टायरवरचे आकडे वाचले तर दोनांवर ३११९, दोनांवर ०८२०. सुमारे पाच वर्षांपूर्वीचे. मागची दोन वापरलेलीच होती, धुऊन पॉलिश केलेली. ट्रेड मोजला तर पाच मिलिमीटरही भरला नाही.

पुण्याला गेलो तेव्हा मालकाने पहिलं वाक्य हेच टाकलं: "हे टायर आमचे कशावरून?" चिटोऱ्यावर काही नव्हतंच. माझी जुनी चाकं परत मागितली, तर "ती गेली." कुठे गेली ते आठवड्याने कळलं. जुन्या सामानाच्या ॲपवर 'शोरूम काढीव, नवीकोरी' म्हणून २६ हजारांना लावली होती. एका रिमवर आमच्या पार्किंगच्या खांबाची चंद्रकोरीसारखी खरवड, मी ती झोपेतही ओळखेन. मला ती १० हजारांत धरली होती.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वेल्डिंगचा फोटो, आकड्यांचे फोटो, कऱ्हाडच्या सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड आणि मेव्हण्याच्या खात्यावर गेलेल्या २२ हजारांची पावती जोडली. ग्राहक आयोगात जायची तयारी आहे असं दुकानदाराला लेखी कळवलं. जीएसटीचा विषय मी काढला नाही, त्यात माझंही तोंड काळं होतं. पण त्याच्या डोक्यात तो आला असावा. तीन आठवड्यांनी यूपीआयचे तेवढे २२ हजार परत आले. रोखीचे ४० हजार कुठे दिलेच नव्हते, असं त्याचं म्हणणं आजही आहे.

कंपनीचे १६ इंची रिम आणि २१५/६० चे टायर परत घेतले, पक्क्या बिलाने. दुकानात मी स्टूल मागवून चाकांपाशीच बसलो. पोराने पहिला टायर उचलला तेव्हा म्हटलं, "दादा, आकडे बाहेरच्या बाजूला येऊ दे." त्याने न विचारता फिरवला.