स्किल मॅपिंग आणि ट्रेनिंग सर्व्हिस घेतली, आमच्या शॉपचा अनुभव (भोसरी एमआयडीसी, इंजिन पार्टवरून ईव्ही पार्टकडे जाताना) – ५ पैकी ४

भोसरीत मशीन शॉप आहे आमचं, आमचं म्हणजे शेठचं, मी फर्स्ट शिफ्टचा सुपरवायझर, १९ वर्षं झाली इथे. ३६ माणसं आहेत, २२ पटावर आणि १४ कॉन्ट्रॅक्टवर. दुचाकीच्या इंजिनचे पार्ट करतो, मेन काम सिलिंडरचं बोअरिंग-होनिंग (आतलं गोल भोक, म्हणजे बोअर, कापणं आणि दगडाने घासून मापात आणणं), बाकी थोडे शाफ्ट. दिवाळीनंतर शेड्यूल हळूहळू उतरायला लागलं, तीन शिफ्टच्या दोन झाल्या, आणि त्याच कस्टमरकडून ईव्हीच्या मोटरचं हाउसिंग (बाहेरचं कवच) आणि रोटर शाफ्ट (आतला फिरणारा दांडा) यांची ड्रॉइंग आली, जमेल का कळवा म्हणून. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, आपल्या माणसांना हे येईल का, स्पष्ट सांग. मला तेव्हा ठाम उत्तर देता आलं नाही. कोण कुठल्या मशीनवर चालतो ते मला पाठ आहे, पण कोणाला काय काय येतं हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आधी कधी कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून ही सर्व्हिस घेतली. आधी मॅपिंग करायचं, म्हणजे प्रत्येकाला काय येतं, नवीन कामाला काय लागणार, मधे गॅप किती, आणि मग तेवढंच ट्रेनिंग. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पहिल्या आठवड्यात जे झालं त्याबद्दल मी खाली कडक लिहिलंय आणि नंतर त्यांनीच ते सुधारलं, तर उगाच कोणाचं नाव खराब व्हायला नको. इकडे पिंपरी-चिंचवड पट्ट्यात अशी सर्व्हिस देणारे बरेच आहेत, तुम्ही कोणाकडेही जा, काय बघून घ्यायचं ते कळावं म्हणून लिहितोय.

पहिला आठवडा वाईट होता. दोन पोरं आली टॅबलेट घेऊन, कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, स्वभावाने चांगली पण मशीनजवळ कधी उभी राहिलेली नसावीत. कॅन्टीनमध्ये टेबल टाकून एकेकाला बोलवायचं, ५० प्रश्न, सगळे इंग्रजीत, हो किंवा नाही. आमच्या होनिंगवर एक मामा आहेत, २६ वर्षं त्याच मशीनवर, शिक्षण आठवी. त्यांना विचारलं जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार किती अचूक हवा ते सांगणारी चिन्हं) येतं का? मामा म्हणाले नाही. सिलिंड्रिसिटी माहीत आहे का? नाही. एसपीसी चार्ट (मापं सरकतायत का ते बघायचा तक्ता)? नाही. दहा मिनिटांत मामा बाहेर आले आणि रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढे लेव्हल १, म्हणजे शिकाऊ. तो कागद मामांनी बघितला आणि काही न बोलता मशीनवर गेले, दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. मला ते बघवत नव्हतं.

दुसरी गोष्ट, यादीत फक्त पटावरचे २२. कॉन्ट्रॅक्टवाले १४ जण धरलेच नव्हते. का, तर म्हणे कोटेशन तसं आहे. पण डीबरिंग (कापल्यावर कडेला राहिलेला बर, म्हणजे धार, काढणं), वॉशिंग, फायनल इन्स्पेक्शन हे सगळं कॉन्ट्रॅक्टवालेच बघतात, इन्स्पेक्शनच्या चार ताई गेल्या सहा वर्षांपासून तेच काम करतायत आणि कस्टमरकडून परत आलेला माल पहिला त्यांच्याच हातात येतो. काम बदललं की पहिली गदा येणार ती याच लोकांवर आणि त्यांनाच मोजायचं नाही, हे मला पटलं नाही. शेठना सांगितलं, त्यांनी माणशी हजार रुपयांप्रमाणे जास्तीचे पैसे भरले आणि १४ जण घेतले. त्याबद्दल शेठना मानलं.

आणि तिसरं, मॅपिंग व्हायच्या आधीच त्यांच्या सेल्सवाल्याने सगळ्यांसाठी ईव्ही टेक्निशियनचं पॅकेज काढून ठेवलं होतं. बॅटरी पॅक, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट), कंट्रोलर, चार्जर. हा कोर्स वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माझा भाचा मोशीला गॅरेजमध्ये आहे, त्याने असाच कोर्स केला आणि त्याला तो पाहिजेच होता, कारण डीसी करंटचा आर्क एसीसारखा आपोआप तुटत नाही, इन्सुलेटेड हातमोजे कधी घालायचे, मेगरने इन्सुलेशन कसं तपासायचं हे माहीत नसताना कोणी पॅक उघडू नये. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी बघितल्या, त्यानंतर बॅटरीचे नियम पण कडक झाले. पण आम्ही बॅटरीला हात लावणार नाही! आम्ही धातू कापणारी माणसं आहोत. ईव्हीच्या गाडीत इंजिन गेलं तरी शाफ्ट, हाउसिंग, गिअर, बेअरिंगच्या सीट हे सगळं आहेच आणि ते कोणीतरी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) कापायला लागणारच. गॅप कुठे आहे ते न बघता ट्रेनिंग विकणं म्हणजे नाडी न बघता गोळ्या देणं.

मी फोन करून भांडलो. आवाज चढवून बोललो, ते मान्य आहे. पण त्यांनी ऐकलं हे त्यांचं खरंच चांगलं. पुढच्या सोमवारी एक वयस्कर सर आले, टूलरूममध्ये आयुष्य गेलेले, खिशात स्वतःचा मायक्रोमीटर. कॅन्टीनमध्ये बसलेच नाहीत. सेफ्टी शूज घालून सरळ शॉपमध्ये, आणि चार दिवस दोन्ही शिफ्टला मशीनच्या बाजूला उभे. कमी बोलायचे. ऑपरेटर पार्ट काढतो तेव्हा बघायचे, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) कधी फिरवतो, ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) स्वतः देतो का सेटरला हाक मारतो, चिपचा रंग बदलला तर लक्षात येतं का, पहिला पीस कुठे कुठे मोजतो.

मंगळवारी ते मामांच्या मशीनला होते. होनिंग चालू असताना मामांनी मधेच मशीन थांबवलं आणि म्हणाले तोंडाशी फाकतंय. सरांनी विचारलं कशावरून? मामा म्हणाले दगडाचा आवाज वरच्या टोकाला हलका येतोय. सरांनी बोअर गेज लावला, वर, मधे, खाली, तीन ठिकाणी. वरच्या तोंडाला ४ मायक्रॉन जास्त! मामांनी स्ट्रोक थोडा कमी केला, पुढचा पीस सरळ. सरांनी तिथेच टेबलवर खडूने एक चिन्ह काढलं, दोन तिरप्या रेघांमधे गोल, आणि म्हणाले मामा, तुम्ही आत्ता जे पकडलंत ना, ड्रॉइंगवर त्याला हे म्हणतात, सिलिंड्रिसिटी, वरपासून खालपर्यंत बोअर एकसारखा गोल आणि सरळ आहे का ते. मामा बराच वेळ त्या चिन्हाकडे बघत होते. मग म्हणाले, हे होय. एवढंच. नवीन रिपोर्टमध्ये मामांच्या होनिंगच्या खान्यात लेव्हल ४ आहे, म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो, आणि ड्रॉइंग वाचनाच्या खान्यात लेव्हल १. दोन्ही खरं आहे. असा रिपोर्ट कामाचा असतो.

ज्यांच्या शॉपला आयएटीएफ (गाड्यांचे पार्ट करणाऱ्यांचं क्वालिटी स्टँडर्ड) ऑडिट होतं त्यांना स्किल मॅट्रिक्स माहीत असणार, भिंतीवरचा तक्ता, प्रत्येकाच्या नावापुढे चार पाव भागांचा गोल आणि जेवढी लेव्हल तेवढे भाग काळे केलेले. आमच्याकडेही होता. वर्षानुवर्षं ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी मी मार्कर घेऊन तो भरायचो आणि त्याच्याकडे बघून आम्ही एकदाही निर्णय घेतला नाही. सरांनी तो उतरवायला लावला आणि नवीन बनवला, त्यात मशीनच्या नावाऐवजी कामं लिहिली: पातळ भिंतीचा पार्ट पकडणं, ॲल्युमिनियमचा बर सांभाळणं, गोलाई मोजणं, ड्रॉइंग वाचणं, पहिला पीस पास करणं. मशीनचं नाव लिहिलं की माणूस त्या मशीनला बांधला जातो, मशीन गेलं की माणूस गेला, काम लिहिलं की ते काम दुसऱ्या पार्टवर पण चालतं का ते दिसतं. मला या पूर्ण सर्व्हिसमध्ये सगळ्यात जास्त हीच गोष्ट आवडली.

हे सगळं मला एवढं का लागतं ते पण लिहितो. माझे वडील सातारकडचे, परळला गिरणीत साचे खात्यात (विणकामाच्या) होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्यात, आणि वडिलांची गिरणी त्यांच्यासाठी परत सुरू झालीच नाही. नंतर ते चिंचवडला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले ते शेवटपर्यंत. गेटवर बसल्या बसल्या कोणाच्या शर्टाचं कापड बघून ते सांगायचे विणताना कुठे तार सुटली असेल. या माणसाला काय येतं, ते अजून कुठे वापरता येईल, हे त्यांना कोणीही विचारलं नाही. आपल्याकडे धंदा बदलताना जमिनीचा हिशेब होतो, मशीनचा होतो, माणसाच्या हातातल्या कामाचा होत नाही.

आणि बदल काही पहिल्यांदा येत नाहीये. एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे नियम बीएस-४ वरून थेट बीएस-६ झाले तेव्हा बहुतेक दुचाकींचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आमच्या मागच्या गल्लीत कार्बोरेटर बॉडीचं जॉबवर्क करणारा शेड होता, त्यांना तारीख चार वर्षं आधीपासून माहीत होती, सरकारने २०१६ लाच सांगितलं होतं, तरी काही तयारी नाही, नऊ माणसं घरी गेली. उलट आकुर्डी बघा, जुनी चेतक जिथे बनायची त्याच जागेवर २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतकचा प्लांट आहे. जागा तीच, काम वेगळं.

आता ट्रेनिंग. रिपोर्टप्रमाणे ३६ पैकी बॅटरीचा कोर्स शून्य जणांना. मेंटेनन्सच्या दोघांना इलेक्ट्रिकल सेफ्टी, ११ जणांना ड्रॉइंग वाचन आणि जीडी अँड टी, ८ जणांना ॲल्युमिनियम मशीनिंग आणि क्लॅम्पिंग, इन्स्पेक्शनच्या चारही ताईंना सीएमएमचा (पार्टची मापं कॉम्प्युटरवर घेणारं मशीन) रिपोर्ट वाचणं आणि गोलाई मोजणं. ॲल्युमिनियमचं ट्रेनिंग म्हणजे सोनं होतं. आमचा हाउसिंगचा पहिला सॅम्पल लॉट बोअर गेजवर एकदम ओके आणि कस्टमरच्या सीएमएमवर रिजेक्ट, आठवडाभर आम्ही गेजला दोष देत होतो. सरांनी समजावलं: भिंत पातळ, तीन जॉमध्ये (पार्ट धरणाऱ्या जबड्यांत) दाबून पकडता, दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापता, जॉ सोडले की पार्ट परत फुलतो आणि बोअर तिकोनी होतो, आणि दोन पॉइंटच्या गेजला तिकोनी बोअर दिसत नाही कारण कुठूनही मोजलं तरी माप जवळपास तेच येतं. तीन पॉइंटचा गेज लावला आणि लगेच दिसलं. मग पूर्ण विळखा घालणारे सॉफ्ट जॉ बनवले, फिनिश कटला प्रेशर कमी केलं, दुसरा सॅम्पल लॉट पास. या एका गोष्टीत सर्व्हिसचे पैसे वसूल झाले.

एक स्टार कापला तो पहिल्या आठवड्यासाठी आणि वेळेसाठी. ट्रेनिंग ४ ते ७, म्हणजे फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. आळंदीवरून येणारा माणूस सकाळी साडेपाचला घर सोडतो, तो ५ नंतर काय शिकणार, आणि ताईंना घरी जाऊन स्वयंपाक आहे, दोघी पहिल्या दिवशी मधूनच उठून गेल्या. शिवाय ओव्हरटाइम बुडतो तो वेगळाच. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही शिफ्टमधेच दोन तास केले आणि शेठनी ते तास पगारी धरले, मग हजेरी पूर्ण यायला लागली. कोणी मालक वाचत असतील तर कृपया हे आधीच ठरवा, पगार कापून शिकवलेलं डोक्यात राहत नाही.

सोबत आरपीएल पण करून घेतलं नऊ जणांचं. माहीत नसेल त्यांच्यासाठी, काम करता करता जे शिकलोय त्याची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट मिळतं, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ ला सुरू झाली त्यात हे आहे. त्याने नवीन काही येत नाही, जे येतं त्यावर शिक्का बसतो, त्यामुळे हे झालं की ट्रेनिंग झालं असं कोणी समजू नका. पण दुसरीकडे नोकरी बघायची वेळ आली तर हातात कागद लागतो. मामांनी त्यांचं लॅमिनेट करून घेतलंय.

सध्या हाउसिंगच्या एका लाइनवर दोन शिफ्ट चालू आहेत, होनिंग पण चालू आहे पण कमी. मामा सकाळी अर्धा तास नवीन पोरांना बोअर मोजायला शिकवतात आणि ती पोरं त्यांना ड्रॉइंगवरची चिन्हं सांगतात. दुसरी बॅच गणपतीनंतर आहे, शाफ्ट ग्राइंडिंग आणि बॅलन्सिंगची, कारण मोटरचा रोटर इंजिनच्या मानाने खूपच जोरात फिरतो आणि तिथे थोडा रनआउट (फिरताना मधल्या रेषेपासून हलणं) पण चालत नाही. सहा नावं दिलीत, त्यात एक डीबरिंगवाला पोरगा आहे, कॉन्ट्रॅक्टवर. त्याचं नाव सरांनी स्वतःहून सांगितलं.