संगीतखोलीला कुलूप की वाद्याला? शाळेने पैसे कुठे घालावेत

संस्थेच्या बैठकीत हा विषय निघतो तो बहुधा एखादा माईक गायब झाल्यावर, आणि दहा मिनिटांत सीसीटीव्हीवर जाऊन पोचतो. त्याआधी दोन साधे पर्याय ताडून पाहावेत: अख्ख्या खोलीला दणकट कुलूप, की खोली खुली ठेवून ज्या-त्या वस्तूचा वेगळा बंदोबस्त? एक उभा पियानो, दोन-तीन कीबोर्ड, पेट्या आणि तबले असलेली मुंबई-कोकण-गोव्याकडची शाळा धरून चालू.

खोलीचं कुलूप स्वस्त आणि जबाबदारीही एकाच माणसाची. पण संगीताच्या बाई रजेवर गेल्या की सरावही रजेवर. दुसरी किल्ली ऑफिसात ठेवली तर गॅदरिंगच्या महिन्यात ती कुणाच्या खिशात आहे हे शिपाईमामांनाही सांगता येत नाही. त्यात पावसाळा. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, पियानोला ५०च्या आसपास मानवते. खिडक्या लावून कोंडलेल्या खोलीत पट्ट्या फुगून अडकतात, तारांना गंज चढतो, तबल्याची पुडी सैल पडते. चोर न येताही वाद्यं जातात ती अशी.

वस्तूवार बंदोबस्त कटकटीचा, पण गरज सगळ्यांची सारखी नसते. दोनशे किलोंच्या आसपासचा पियानो कोण उचलून नेणार? त्याला धोका धपाधप बडवणाऱ्या हातांचा आणि वर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा. पट्ट्यांवरच्या झाकणाला बहुतेक पियानोंत कुलूप असतंच. किल्ली साधी असते, पण मधल्या सुट्टीपुरती पुरते. चाकांवरचा उभा पियानो मुलांना मात्र कधीच ढकलू देऊ नका. भिडाच्या चौकटीचं वजन मागच्या बाजूला असल्याने तो उलटू शकतो.

कीबोर्डचं उलटं. तो सहज काखोटीला मारता येतो, आणि त्याच्याही आधी हरवतो तो अडॅप्टर. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलना १२ व्होल्ट लागतात, कॅसिओच्या कित्येकांना ९.५, पिनची ध्रुवताही (आतलं टोक धन की ऋण) सगळीकडे सारखी नसते. हाताला लागेल तो अडॅप्टर जोडला की दुरुस्तीचा खर्च बोकांडी बसतो. म्हणून अडॅप्टरवर त्याच्या कीबोर्डचा नंबर रंगाने लिहावा आणि तो, माईक, केबली, तबल्याची हातोडी असं सगळं लोखंडी कपाटात ठेवावं. पेटी-तबल्यांना कपाट नको, हवा खेळेल अशी मांडणी हवी.

सीसीटीव्हीचा उपयोग वस्तू गेल्यानंतर. त्याआधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, नीट करा. 'कीबोर्ड – २' एवढ्या नोंदीवर पोलिसांत तक्रार उभी राहत नाही. खालच्या बाजूचा सिरियल नंबर आणि फोटो हवा.

माझा कौल मिश्र व्यवस्थेला: खोलीला लोखंडी जाळीचा दरवाजा, म्हणजे वारा आत आणि माणूस बाहेर, छोट्या वस्तूंना कपाट, किल्ल्या दोन, आणि दुसरी पर्यवेक्षकांकडून सही करूनच मिळेल. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर कपाट आधी घ्या, दरवाजा पुढच्या वर्षी.