गोल्फचे ड्रिल्स: आठ महिन्यांच्या सरावानंतर काय टिकलं, काय सुटलं

आधी माझी पातळी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. वय ४९, पुण्यात नोकरी, गोल्फ हातात धरून तीन वर्षं झालेली, हँडिकॅप २६ (म्हणजे कसलेल्या खेळाडूला जितके फटके पुरतात त्याहून साधारण तेवढे जास्त). हा सराव सुरू करण्याआधी शंभर फटक्यांच्या आत फेरी संपली तर घरी येताना जिलबी आणायचो, इतकं ते दुर्मिळ. सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) नीट बसला तर १३० यार्ड जातो. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, चेंडू निघतो सरळ आणि मग उजवीकडे वळून शेजारच्या फेअरवेवरच्या लोकांची विचारपूस करून येतो.

गेल्या नोव्हेंबरात ठरवलं की रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादलीभर चेंडू नुसते बडवणं बंद. जे काही मारायचं ते कुठल्यातरी ड्रिलमध्येच, म्हणजे एकच गोष्ट घोटवणाऱ्या ठरावीक सरावात. आठवड्यातून दोनदा रेंज, रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं घरात पटिंग, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवत भोकात घालणं. जूनपर्यंत चाललं. मध्ये तीन आठवडे सुटले, एक मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात आणि दोन खांदा धरला म्हणून. खांद्याचं खापर एका ड्रिलवरच फोडायचं आहे, ते पुढे येईल.

सगळ्यात जास्त ज्याने दिलं ते आधी सांगतो. रांगोळीची रेघ.

रेंजवरची हिरवी रबरी मॅट थापाडी असते. आयर्नने मारताना क्लबने आधी चेंडू घ्यायचा आणि मग जमीन, म्हणजे मातीचा निघालेला खळगा, ज्याला डिव्हट म्हणतात, तो चेंडूच्या पुढे सुरू व्हायला हवा. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी रबरावरून घसरत पुढे जातो, चेंडू मजेत उडतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. रविवारी गवतावर तोच स्विंग केला की ढेकूळ आधी उडतं आणि चेंडू वीस पावलांवर जाऊन बसतो. मी दोन वर्षं याला नशीब म्हणत होतो.

आमच्या रेंजच्या टोकाला गवताची एक पट्टी आहे. तिथे परवानगी काढली, घरून रांगोळीचा डबा नेला आणि निशाणाच्या दिशेला काटकोनात दोन हात लांबीची रेघ ओढली. रेघ दोन्ही पावलांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं, चेंडू ठेवायचाच नाही, नेहमीसारखा स्विंग करायचा आणि गवत कुठून खरवडलं ते बघायचं. खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे सुरू झाली तर पास. एक पाऊल पुढे सरकून पुन्हा. पहिल्या दिवशी दहापैकी आठ खुणा मागे, काही तर चांगल्या वीतभर मागे. पांढऱ्या रेघेला धक्काही नाही. माळीकाका पाइप ओढत आले आणि म्हणाले, “साहेब, इथं वास्तुशांत हाय का?” मी समजावून सांगितलं. त्यानंतर पंधरा मिनिटं ते पाइप खाली टाकून पंच झाले. “मागंच.” “मागंच.” “हां, आत्ता बरोबर.” “परत मागं.” इतका खरा अभिप्राय मला एकाही व्हिडिओने दिलेला नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. चेंडू हवेत आपणच उचलून द्यायचा असतो, ही माझी समजूत. त्यामुळे मारताना वजन उजव्या पायावरच राहायचं. खरं तर उचलायचं काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं आहे, आपण खाली मारायचं. आमच्या प्रोने (प्रशिक्षकाने) सुरुवातीलाच निम्म्याहून जास्त वजन डाव्या पायावर ठेवून उभं राहायला लावलं आणि शर्टाची बटणं संपताना निशाणाकडे आली पाहिजेत, एवढंच सांगितलं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत दहापैकी सहा-सात खुणा रेघेच्या पुढे जायला लागल्या. खेळात त्याचा फरक आठ आयर्नपासून खाली सगळ्या क्लबमध्ये दिसला. दोन सूचना: रांगोळी म्हणजे दगडाची पूड, काम झालं की क्लब ओल्या फडक्याने पुसा. आणि खळगे वाळूने बुजवून या, नाहीतर माळीकाका पुढच्या वेळी पंचगिरी करणार नाहीत.

दुसरं टिकलेलं ड्रिल म्हणजे नऊ-तीन. समोरून बघणाऱ्याला घड्याळ धरलं तर मागे जाताना डावा हात नऊवर थांबवायचा, मारून झाल्यावर उजवा तीनवर. बस, अर्धाच स्विंग. सेव्हन आयर्नने मी असे रेंजवर दर वेळी वीस चेंडू मारायचो. यात मन खट्टू करणारी गोष्ट अशी की अर्ध्या स्विंगने माझा चेंडू शंभर यार्डांच्या आसपास जायचा. म्हणजे उरलेला सगळा आटापिटा, ती कंबर, तो हुंकार, सगळं तीस यार्डांसाठी. आणि त्या तीस यार्डांच्या हव्यासापायी दहातले चार चेंडू भलतीकडे.

पाय जोडून मारणं हे त्याचंच भावंड. टाचेला टाच लावून, चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवून, आठ आयर्नने सावकाश मारायचं. जरा जोर केला की तोल जाऊन आपण हेलपाटतो, त्यामुळे कुणी काही सांगावं लागत नाही. फेरीच्या आधी पाच चेंडू असे मारले की हात शांत होतात. यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पण सोडू नका.

स्लाइसवर, म्हणजे चेंडूच्या त्या उजवीकडे वळण्यावर, मी जे केलं ते अर्धंच यशस्वी झालं. मिठाईचा रिकामा खोका चेंडूच्या पलीकडे, किंचित मागच्या बाजूला ठेवायचा, क्लब जेमतेम निघेल एवढी जागा सोडून. क्लब खाली येताना बाहेरून आत ओढला गेला की खोका फुटतो. जानेवारीत मी घरातले दिवाळीपासून साठलेले सगळे खोके संपवले. मार्चपर्यंत खोके वाचायला लागले, पण चेंडू तरीही उजवीकडेच वळत होता. मग उमगलं की चेंडू वळतो तो क्लबचा मार्ग आणि क्लबचं तोंड यांच्यातल्या फरकामुळे. तोंड मार्गापेक्षा उघडं राहिलं की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळणारच. खोका फक्त मार्गाची राखण करतो. तोंडाचा प्रश्न पकडीत होता. वरून बघताना डाव्या हाताचं एकच पेर दिसत होतं, पकड फिरवून दोन-अडीच दिसतील अशी केली तेव्हा वळण निम्म्यावर आलं. निम्म्यावरच. आजही ड्रायव्हर घेतला की सोबतचे लोक उजवीकडे बघतात.

आता खापर. काखेत हातमोजा धरून स्विंग करायचं प्रसिद्ध ड्रिल आहे, फिजीचा नामांकित गोल्फर विजय सिंग वर्षानुवर्षं करायचा. दंड अंगाला जोडलेला राहावा, हा हेतू. ड्रिल वाईट नाही, माझा उतावीळपणा वाईट. ते करायचं छोट्या आयर्नने, अर्ध्या स्विंगपर्यंत. मी पूर्ण स्विंगला आणि नंतर ड्रायव्हरलाही करत राहिलो. मोजा पडू नये म्हणून दंड आवळून धरायचा, मग खांदे वळेनात, मग हातांनी ओढायचं. तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा असा धरला की शर्ट घालायला बायकोची मदत लागली. डॉक्टरांनी “कोणी सांगितलं होतं?” एवढंच विचारलं. मी हे ड्रिल सोडलं. माझ्या वयाच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने ते प्रो समोर असल्याशिवाय करू नये.

दिशेसाठी दोन काठ्या जमिनीवर ठेवतात, एक निशाणाकडे, एक पावलांच्या रेषेत. दुकानातल्या रंगीत काठ्या घेऊ नका. आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्या चालतात. मी उभाच दहा-बारा यार्ड उजवीकडे तोंड करून राहतो, हे त्या कामट्यांनी पहिल्या दिवशी दाखवलं. फक्त एवढं लक्षात ठेवा की खेळताना असं काही जमिनीवर ठेवून त्याच्या आधाराने उभं राहणं नियमात बसत नाही.

पटिंगकडे येतो. पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपावा अशा, कोर्सवर हिशोबात ३६ पट्स धरलेले असतात, प्रत्येक ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) दोन. म्हणजे निम्मा खेळ तिथे. २०२१ च्या ऑगस्टमधला तो शनिवार आठवतो का, अर्धा भारत सकाळी उठून आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ बघत होता? टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. बरोबरच्या मुली ड्रायव्हरने तिला कितीतरी मागे टाकत होत्या आणि ती ग्रीनवर पोचून हिशोब चुकता करत होती. माझ्या डोक्यात गोल्फचं खूळ शिरलं ते त्या सकाळी. तरी पहिली दोन वर्षं मी पटिंगचा सराव केला नाही. असं आपलं असतं.

घरातल्या सरावासाठी ऑनलाइन मॅट मागवली, नऊ फुटी, शेवटी चढ आणि चेंडू परत येण्याची पन्हळ असलेली. ती घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. गुंडाळीत आलेल्या सुरकुत्या उन्हात ठेवून, वर शब्दकोश ठेवूनही गेल्या नाहीत. चौथ्या फुटावर चेंडू स्वतःच्या मर्जीने डावीकडे जातो. विकणाऱ्याने परत घेतली नाही. त्याहून मोठं नुकसान त्या चढाचं. चढ पार करायला चेंडू जोरात मारायची सवय लागते आणि जोरात आलेल्या चेंडूसाठी भोक जणू लहान होतं, कडेला लागून बाहेर पडतो. डिसेंबरातल्या वेगवान ग्रीनवर मी चार-चार फूट पुढे जात होतो. आता तिचे पहिले तीन फूट तेवढे वापरतो, बाकीची गुंडाळलेली.

आणि त्या तीन फुटांत जे करतो ते गेट ड्रिल. मैदानावर दोन टी रोवतात, मी घरात दोन पेन्सिल सेल उभे करतो. चेंडूच्या पुढे फूटभर अंतरावर, मधली फट साधारण ५० मिलिमीटर. चेंडूचा व्यास पावणेत्रेचाळीसच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिलिमीटर मोकळीक. पटरचं (पटिंगच्या क्लबचं) तोंड एक अंश जरी चुकलं तरी दहा फुटांवर चेंडू दोन इंच सरकतो आणि भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत अंतरच सव्वादोन इंचांहून कमी आहे. म्हणून एवढी चिकित्सा. पहिल्या रात्री वीसपैकी सात गेले. सेल फरशीवर पडला की जो टक्क आवाज होतो, तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाल्या, “रात्री अकराला काय सुपाऱ्या फोडता का?” तेव्हापासून खाली जुना टॉवेल आणि वेळ साडेनऊची. सरळ रेषेसाठी मॅटची कड टाइल्सच्या सांध्याला लावतो, त्या सांध्याइतकं सरळ घरात दुसरं काही नाही.

नंतर गेटच्या पुढे, मॅट संपते तिथे, दहा रुपयांचं नाणं ठेवायला लागलो. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, भोकाचा १०८, बरोबर चौपट. महिनाभर नाण्यावर नेम धरून मग ग्रीनवर गेलं की भोक परातीएवढं दिसतं. हा भ्रम पहिल्या तीन-चार होलपर्यंत टिकतो, पण तेवढा पुरतो.

दिशा घरात शिकता येते, अंतर येत नाही. त्यासाठी सरावाच्या ग्रीनवरच जावं लागतं आणि पावसाळ्यात ओल्या ग्रीनवर शिकलेलं हिवाळ्यात पुन्हा शिकावं लागतं. मी शिडी करतो: पहिला चेंडू दहा फुटांवर, पुढचा प्रत्येक आधीच्याच्या पुढे, पण पटरच्या लांबीपेक्षा जास्त पुढे नाही. चुकला की पहिल्यापासून. आठ चेंडूंची शिडी मला आजवर दोनदाच पूर्ण करता आली आहे. एकदा आमचे कॅडीमामा (खेळाडूची बॅग सांभाळणारे) बघत होते. म्हणाले, “साहेब, चेंडूकडं काय बघताय, तो काय पळून जातोय? भोकाकडं बघून मारा की.” अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथ छोटे पट्स असे मारायचा, हे मी वाचलं होतं, पण मामांनी सांगेपर्यंत करून पाहिलं नव्हतं. सरावात तीस फुटांचे पट्स असे मारले की हाताला अंतर कळतं. कागद चुरगळून टोपलीत टाकताना आपण टोपलीकडेच बघतो ना, तसं. खेळताना मात्र माझी अजून हिंमत होत नाही.

आकडे हवे असतील तर हे माझ्या वहीतले. नोव्हेंबरातल्या पाच फेऱ्यांत सरासरी ४१ पट्स, तीन-तीन पट्सचे होल सात-आठ. मे-जूनमधल्या पाच फेऱ्यांत ३५, तीनवाले दोन-तीन. एकूण फटके १०४ वरून ९७ वर आले, कमी झालेल्या सातातले सहा पटरचे. स्विंगवर घातलेल्या सगळ्या घामाचा हिस्सा एक! अर्थात आयर्न नीट लागायला लागल्याने ग्रीनवर भोकाच्या जवळ पोचतो, त्यामुळे त्या सहातलेही काही माळीकाकांचे असणार. आठ फुटांचा पट व्यावसायिक खेळाडूसुद्धा निम्म्याच वेळा घालतात, हे कळल्यापासून चिडचिडही कमी झाली.

बंकरसाठी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांसाठी, काहीच केलं नाही, तिथे अजून अंधार आहे. पावसाळ्यात रेंज आठवड्याला एकदाच होते. गेट मात्र रोज चालू असतं, आणि माझे सेल रिमोटमधलेच असल्यामुळे रात्री टीव्ही लावायचा झाला की घरात आधी मला हाक मारतात.