पिशवी काढल्यानंतरचे शेक: थ्रीडी की आयएमआरटी?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पिशवी काढली, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावे लागतील. लगेच पुढचा प्रश्न पैशांचा: शेक साध्या थ्रीडी पद्धतीने घ्यायचे की महागड्या आयएमआरटी पद्धतीने? नात्यातलं कुणीतरी हमखास सांगतं, "महागडंच घ्या, जिवाचा प्रश्न आहे." माझ्या मते सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो, कारण मात्र चुकीचं असतं. प्रश्न जिवाचा नाही, आतड्याचा आहे.

याचा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 2011 ते 2019 या काळात 300 बायकांवर 'पार्सर' नावाची चाचणी केली. ऑपरेशननंतर कुणाला थ्रीडी आणि कुणाला आयएमआरटी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. तीन वर्षांपर्यंत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास थ्रीडी गटात 42.4 टक्के, तर आयएमआरटी गटात 21.1 टक्के बायकांना झाला. म्हणजे निम्मा. कॅन्सर उलटण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

असं का होतं? पिशवी निघाली की ओटीपोटात जागा मोकळी होते आणि लहान आतडं तिथे उतरतं. थ्रीडीत किरण साधारणपणे चार बाजूंनी येतात आणि मधला जवळजवळ अख्खा भाग सापडतो, आतड्यासकट. आयएमआरटीत मशीनच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या सरकत राहतात, किरणांची तीव्रता जागोजागी बदलते आणि डोस आतड्याला वळसा घालतो. पण इतकं नेमकं मारायचं तर नेमही रोज तपासायला हवा. मूत्राशय भरलेलं की रिकामं, गुदाशयात गॅस आहे का, यावर जिथे शेक द्यायचे तो योनीचा वरचा भाग पुढेमागे होतो. पार्सरमधलं आयएमआरटी मशीनवरच्या स्कॅनने जागा तपासून दिलं होतं. त्यालाच आयजीआरटी म्हणतात. म्हणून कोटेशन हातात आलं की आधी हे विचारा: इमेजिंग रोज होणार का, आणि त्याचे पैसे यातच धरलेत का? ते नसेल तर मुंबईचे आकडे त्या उपचाराला लावता येणार नाहीत.

महागडे शेक लवकर संपतात असाही एक समज आहे. या चाचणीत दोन्ही गटांना 25 बैठकांत 50 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), म्हणजे पाच आठवडे, आणि नंतर आतून शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी, असाच बेत होता. गरज असेल त्यांना आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषधही. मुक्कामाचा खर्च त्यामुळे तेवढाच धरा.

अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीत बायकांनाच त्रास विचारला होता. पाच आठवड्यांअखेर वारंवार किंवा सतत जुलाब होत असल्याचं जुन्या पद्धतीच्या गटात 51.9 टक्के जणींनी सांगितलं, आयएमआरटी गटात 33.7 टक्के. फरक आहे, पण आयएमआरटी घेतलं म्हणजे जुलाब होणारच नाहीत, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

पैसे असतील किंवा महात्मा फुले योजनेत बसत असेल (आरोग्यमित्राला पॅकेज कोणतं, हे आधीच विचारून घ्या), तर मी आयएमआरटी निवडेन. वय कमी असेल, कामावर लवकर परतायचं असेल, तर जास्तच आग्रहाने. पण त्यासाठी लांबलचक वेटिंग असेल, किंवा त्यात पैसे संपून आतले शेक राहून जाणार असतील, तर थ्रीडी घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. 42 टक्क्यांची दुसरी बाजू अशी की निम्म्याहून अधिक जणींना थ्रीडीनंतरही तसा त्रास झाला नव्हता.

पिशवी काढलेलीच नसेल, शेक हाच मुख्य उपचार असेल, तर वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. तिथे आतले शेक नीट आणि वेळेत होणं जास्त महत्त्वाचं.

आणि कॅन्सर गर्भाशयाच्या अस्तराचा असेल, तर थ्रीडी-आयएमआरटीच्या आधी दुसरा प्रश्न विचारा: बाहेरून शेक लागतातच का? नेदरलँड्समधल्या 'पोर्टेक-2' चाचणीत कॅन्सर उलटण्याचा धोका मध्यम-जास्त असलेल्या 427 बायका होत्या. पाच वर्षांत योनीत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण फक्त आतून शेक घेतलेल्यांत 1.8 टक्के आणि बाहेरून घेतलेल्यांत 1.6 टक्के होतं. उपचार संपताना पोटाचा सौम्य ते मध्यम त्रास मात्र 12.6 विरुद्ध 53.8 टक्के. आपला रिपोर्ट त्या गटात बसतो का, हे रेडिएशनच्या डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत समजून घ्या.