150-600 लेन्स भाड्याने: माल कडक, पट्टा बेकार

हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी येतो म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानातून 150-600 मिमीची, लांबचं टिपणारी झूम लेन्स भाड्यानं घेतली. काच एकदम स्वच्छ, पण पट्टा पार जुनाट, दोन किलोचं धूड त्याच्या भरवशावर गळ्यात अडकवायचं म्हणजे जीव टांगणीला. फोकस लिमिटर, म्हणजे फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण, 10 मीटरच्या पुढे लावला की जवळची कुसळं सोडून लेन्स पक्ष्यालाच धरते, आणि भोवत्या गवताला घासूनच उडतो त्यामुळे हे लई कामाचं. शटर 1/2000 सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो. कापशी घार जागेवर पंख मारत थांबली तेव्हा तिचा लाल डोळासुद्धा खणखणीत आला! पूर्ण झूमला, म्हणजे 600 ला, फोटो जरा मऊ (कमी धारदार) येतो, लेन्सचं छिद्र लहान करून एफ 8 ला बरा. डिपॉझिट मात्र फार मागतात राव, आणि दुपारी दुकान बंद असतं, फोन करूनच जावा.