अंबाल्याचा शालेय मायक्रोस्कोप: पंधराशे पट विसरा, पंचेचाळीसचं भिंग बघा

शाळेसाठी किंवा घरच्या मुलांसाठी मायक्रोस्कोप घेणार असाल, तर खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या '१५००X' कडे लक्ष देऊ नका. पंचेचाळीसचं, म्हणजे वस्तू पंचेचाळीस पट मोठी दाखवणारं, भिंग डोळ्यांनी तपासून घ्या. तुमचं सगळं काम तेच करणार आहे.

मी फलटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी शाळेसाठी हा मायक्रोस्कोप साडेचार हजारांना घेतला, पुण्यातल्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून. बनावट अंबाल्याची. हरयाणातलं हे गाव शाळा-कॉलेजांच्या वैज्ञानिक उपकरणांसाठी देशभर ओळखलं जातं आणि तिथे एकाच साच्यातला माल निरनिराळ्या नावांनी बाहेर पडतो, त्यामुळे कंपनीचं नाव सांगून तुम्हाला फारसा उपयोग नाही. काय तपासायचं ते सांगते. धातूचा जड सांगाडा, १०, ४५ आणि १०० ची भिंगं, डोळ्याशी धरायची १० आणि १५ ची दोन, खाली उजेड एकवटणारा कंडेन्सर आणि उजेड कमीजास्त करायची पाकळ्यांची जाळी, दोन्ही बाजूंचा आरसा, शिवाय आरशाच्या जागी बसणारा छोटा एलईडी दिवा. प्लॅस्टिकचे रंगीत मायक्रोस्कोप खेळण्यांच्या दुकानात हजार-बाराशेला मिळतात. ते घेऊ नका. टेबलाला धक्का लागला की चित्र हलतं, आणि लक्ष ठरत नाही तिथे मुलांचा धीरही टिकत नाही.

कांद्याचं साल सगळेच दाखवतात, आम्हीही दाखवतो. आयोडीनचा थेंब टाकला की पेशीभित्तिका आणि केंद्रक दहाच्या भिंगातही स्वच्छ दिसतात. पण मला या उपकरणाबद्दल जे मनापासून सांगायचं आहे ते कांद्यात नाही. पाठ्यपुस्तकातली पेशी म्हणजे नावं दिलेली स्तब्ध आकृती असते. ही पेशी चोवीस तास ऊर्जा मिळवते आणि खर्च करते, हे वाक्य मुलं पाठ करतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. तो खर्च चालू असताना दाखवणं साडेचार हजारांच्या यंत्राला जमतं का, या एका कसोटीवर मी त्याला तपासलं. जमतं.

हायड्रिला घ्या. आमच्याकडे शेततळ्यात भरपूर मिळते, शहरात मासे विकणाऱ्या दुकानात मिळेल. शेंड्याजवळचं कोवळं पान चिमट्याने काढून पाण्याच्या थेंबात ठेवायचं आणि वर काचेचा पापुद्रा. हे पान पेशींच्या दोनच थरांचं असतं, म्हणून ब्लेडने काप घ्यायची गरज नाही आणि पेशी जिवंत राहतात. सुरुवातीला हिरवे दाणे, म्हणजे हरितलवकं, गप्प बसलेले दिसतात. दिवा चालू ठेवून थोडा वेळ जाऊ द्या. मग एखादा दाणा सरकतो, त्यामागून दुसरा, आणि बघता बघता पेशीच्या कडेकडेने सगळी रांग फिरायला लागते. सेकंदाला काही मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढाच वेग, पण ४५ च्या भिंगातून तो अगदी स्पष्ट कळतो. शेजारच्या दोन पेशींत रांगा कधी उलटसुलट दिशेनेही जातात.

नववीतल्या एका मुलीने डोळा न हलवता विचारलं, "बाई, यांना ढकलतंय कोण?" इतका नेमका प्रश्न आकृती बघून कुणी मला आजवर विचारला नव्हता. उत्तर असं: पेशीत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे पसरलेले असतात. मायोसिन नावाचं दुसरं प्रथिन त्यांच्यावरून पावलं टाकत चालतं आणि चालताना पेशीतला द्रव व त्यातले दाणे ओढत नेतं. प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशी ऊर्जा ज्या रूपात खर्च करते त्या पदार्थाचा, एक रेणू खर्ची पडतो. आपल्या दंडाचा स्नायू आखडतो तोही याच दोन प्रथिनांच्या घराण्यावर. म्हणजे ती रांग फिरताना दिसते तेव्हा एटीपी खर्च होतो आहे. स्लाइड बर्फाच्या खड्याशेजारी ठेवा, फिरणं मंदावतं. ऊब मिळाली की पुन्हा सुरू. पुस्तकातल्या धड्याला या एका पानाने जेवढा अर्थ येतो, तेवढा माझ्या तासभराच्या बोलण्याने येत नाही.

दुसरा प्रयोग किण्वाचा, आणि याच्यासाठी तरी ४५ चं भिंग चांगलं असायलाच हवं. पाव करायला वापरतात ते कोरडं यीस्ट कोमट साखरपाण्यात भिजवायचं. त्यातला अर्धा भाग वेगळ्या भांड्यात चांगला उकळून गार करायचा. दोन्हींचे थेंब दोन काचांवर घेऊन प्रत्येकात मिथिलीन ब्लू हा निळा रंग फिकट करून मिसळायचा. रंग फार गडद झाला तर जिवंत पेशीही मरतात, म्हणून आकाशी दिसेल इतपतच. उकळलेल्या थेंबात झाडून सगळ्या पेशी निळ्या. न उकळलेल्यात बहुतेक पेशी रंगहीन, मधूनच एखादी मेलेली निळी, आणि काहींच्या अंगाला फुटलेली छोटी कळी.

हे का होतं ते मुलांना नीट समजावलं पाहिजे. रंग जिवंत पेशीतही शिरतो. पण जिवंत पेशी ग्लुकोज मोडत असते, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन तिच्याकडे असतात, आणि ते मिथिलीन ब्लूला मिळाले की त्याचा निळा रंग जातो. मेलेल्या पेशीकडे द्यायला इलेक्ट्रॉन उरलेले नसतात. तोच प्रयोग परीक्षानळीत करून बघा. यीस्टचं साखरपाणी निळं करून स्टँडला लावून ठेवलं की हळूहळू पांढरट होतं, फक्त वरच्या पृष्ठभागाशी, हवा लागते तिथे, निळी कडी राहते. नळी हलवली की सगळं पुन्हा निळं. थोड्या वेळाने पुन्हा पांढरं. हवेतला ऑक्सिजन रंगाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो म्हणून निळा रंग परत येतो. ऑक्सिजन श्वसनात शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारतो, हे दहावीला एका ओळीत संपणारं वाक्य या नळीत दिसतं. श्वास कशासाठी घ्यायचा याचं उत्तर मुलं स्वतःहून देतात, आणि ते शिकवणीतल्या उत्तरापेक्षा खोल असतं.

आता मर्यादा. विकणारा सांगेल की यात तंतुकणिका, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया, दिसतात. दिसू शकतात, पण तुमच्या मनात जे चित्र आहे तसे नाहीत. तंतुकणिकेची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर. प्रकाशावर चालणारा कुठलाही साधा मायक्रोस्कोप ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवू शकत नाही. ही अट प्रकाशाच्या तरंगलांबीची आहे, ती यंत्राच्या किमतीने बदलत नाही. १०० च्या भिंगाला तेलाचा थेंब लावून आणि जेनस ग्रीन हा रंग वापरून त्या हिरवट-निळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ लिओनोर मिकॅलिस यांनी १९०० साली याच रंगाने जिवंत पेशीतल्या तंतुकणिका दाखवल्या होत्या. आतल्या घड्या दिसायला मात्र १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागला. आमच्या शाळेत ठिपके मला दिसले, मुलांपैकी थोड्यांनाच. शंभरचं भिंग शाळेत क्वचितच बाहेर निघेल, हे धरून चाला.

म्हणूनच १५ चं नेत्रभिंग निरुपयोगी. खालच्या भिंगाचा आणि नेत्रभिंगाचा आकडा गुणला की एकूण वाढ मिळते, खोक्यावरचे पंधराशे म्हणजे १०० गुणिले १५. भिंगावर एक छोटा आकडा कोरलेला असतो, ४५ वर बहुधा ०.६५ आणि १०० वर १.२५. या आकड्याच्या हजार पटीपर्यंतच वाढवण्यात अर्थ असतो, म्हणजे शंभरच्या भिंगाला साडेबाराशे. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण नवा तपशील दिसत नाही. पंधराशेचा दावा तिथेच संपतो. घेताना हा कोरलेला आकडा जरूर वाचा. तो नसेल तर यंत्र परत ठेवा.

खोक्यासोबत पेशीचा एक रंगीत तक्ता मिळाला. छपाई छान आहे, पण त्यावर एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी असं लिहिलं आहे. तो जुना हिशेब. आता ३० ते ३२ धरतात, कारण तंतुकणिकेच्या पटलातून काही प्रोटॉन गळतात आणि पदार्थांची आत-बाहेर ने-आण करायलाही ऊर्जा लागते. परीक्षेत पुस्तकात असेल तो आकडा लिहायचा असं मी मुलांना सांगते, आणि खरा आकडा तक्त्यावर पेनाने लिहून ठेवला आहे. त्याच्याच खाली येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव लिहिलं. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या या माणसाने हार्वर्डला सायरस फिस्के यांच्यासोबत १९२९ साली एटीपी शोधून काढला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. आमच्या मुलांना हे नाव माहीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सोबतच्या तयार स्लाइड्सपैकी माणसाच्या रक्ताची स्लाइड तेवढी चांगली. तांबड्या पेशी सात-आठ मायक्रोमीटरच्या, मध्ये फिकट. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही आणि तंतुकणिकाही नाहीत. सतत ऑक्सिजन वाहूनही ती स्वतः त्यातला कण वापरत नाही, दर ग्लुकोज अर्धवट मोडून मिळणाऱ्या दोन-दोन एटीपींवर सुमारे १२० दिवस काढते. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत झाला होता. बाकीच्या स्लाइड्स जाड कापलेल्या आहेत आणि रंगही पसरलेला, त्यांचे वेगळे पैसे देऊ नका.

तक्रारी आहेत. चित्र नेमकं स्पष्ट करायची सूक्ष्म फिरकी सैल आहे. उलट फिरवताना थोडं अंतर रिकामं जातं आणि नवख्या हाताला चित्र सापडत नाही. स्लाइड धरणाऱ्या पट्ट्यांना पहिल्याच पावसाळ्यात गंज चढला. एलईडीची बॅटरी लवकर उतरते, म्हणून आम्ही खिडकीशी आरशावरच काम करतो आणि हायड्रिलासाठी तेवढा दिवा राखून ठेवतो. दुकानदाराने फिरकी बदलून द्यायचं कबूल केलं होतं, फोन उचलणं मात्र बंद झालं. शेवटी गावातल्या घड्याळजींनी स्क्रू आवळून ती बरीच सुधारून दिली. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर भिंगं काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. काचेवर बुरशी धरली की ती जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

वर्ग मोठा असेल तर नेत्रभिंगावर मोबाइल बसवायचं साधन आणखी दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं, ते घ्या. हायड्रिला पडद्यावर सगळ्यांना एकदम दिसते. तरीही प्रत्येक मुलाला एकदा स्वतःचा डोळा लावू द्या, रांग लांबली तरी चालेल. वीस ग्रॅम मिथिलीन ब्लू, कोऱ्या स्लाइड्सचा एक डबा आणि पापुद्र्यांची डबी त्याच दुकानातून त्याच दिवशी घ्या. तालुक्याच्या गावी या वस्तू सुट्या मिळत नाहीत, आणि त्या नसतील तर चांगलं यंत्रही कपाटातच राहतं.